दया पदरची असावी

भातकापणी आटोपली, खळी रिकामी झाली, नाताळचे गोठे उतरवून झाले, की आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर कबड्डीचे दिवस सुरू होतात. उरण-पेणपासून अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनपर्यंत गावोगावी माती चाळून, पाणी मारून मैदाने तयार केली जातात. बांबूंना दिवे लागतात, कर्णे लागतात, आणि मासळीचा बाजार संपवून आलेल्या बायकाही पदर खोचून मैदानाच्या कडेला उभ्या राहतात. आपल्या धर्मग्रामांतही सणाच्या निमित्ताने मुलामुलींचे सामने भरतात. त्यांत उत्साह असतो, जिद्द असते आणि पुष्कळदा शेवटच्या दोन-तीन मिनिटांत भांडणही असते.

ते भांडण बहुधा गुणलेखकाच्या टेबलापाशी होते. कोणी म्हणतो, लोण चढला त्याचे दोन गुण लिहिलेच नाहीत. कोणी म्हणतो, चढाईचे तीस सेकंद केव्हाच संपले होते. आवाज चढतात, नातलग मैदानात उतरतात. मग एखादे समंजस गृहस्थ पुढे येतात आणि म्हणतात, "जाऊ द्या हो. लहान पोरं आहेत. एक-दोन गुणांनी काय बिघडतं? बरोबरीत सोडवा, दोघांनाही करंडक द्या." धर्मगुरू जवळपास असले तर सर्वांच्या नजरा त्यांच्याकडे वळतात. फादर दयाळू आहेत, ते नक्कीच 'हो' म्हणतील, अशी अपेक्षा असते.

प्रिय वाचकहो, असा सल्ला देणारा मनुष्य वाईट नसतो. त्याला भांडण नको असते, रडणारे मूल बघवत नसते. लबाड माणसाच्या लबाडीविषयी फारसे लिहिण्याची गरज नसते. ती सर्वांना दिसते. परंतु चांगला मनुष्य दयेपोटी आकडा बदलायला सांगतो, तेव्हा मात्र थांबून विचार करावा लागतो. मुलांच्या खेळात अचूक गुण लिहिणे आणि नियम जसाच्या तसा लावणे हा निष्ठुरपणा आहे काय? दया आणि न्याय यांची येथे खरोखरच फारकत होते काय?

प्रथम गुणलेखकाचे काम काय असते ते पाहू. कबड्डीच्या सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक असतात. प्रेक्षकांचे लक्ष पंचांच्या शिट्टीकडे असते. टेबलामागे वाकून लिहिणाऱ्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. सहायक गुणलेखकाने आपल्याकडच्या संघाचे कोणते खेळाडू कोणत्या क्रमाने बाद झाले, याची नोंद ठेवायची असते. कारण कबड्डीत बाद झालेला खेळाडू कायमचा जात नाही. त्याच्या संघाने प्रतिस्पर्ध्याचा गडी बाद केला की तो पुन्हा 'जिवंत' होतो. बोनस रेषा ओलांडून मिळवलेल्या गुणाने मात्र कोणी जिवंत होत नाही. आणि जिवंत होण्याचा क्रम बाद होण्याच्या क्रमाप्रमाणेच असावा लागतो. जो आधी बाद झाला तो आधी आत येतो.

आता समजा, त्या नोंदीत क्रम बदलला. बाहेर बसून आपल्या पाळीची वाट पाहणारा एखादा सावकाश, सामान्य खेळाचा मुलगा बाहेरच राहिला आणि त्याच्या जागी संघाचा हुकमी चढाईपटू आत गेला. संघाला ते हवेच असेल, प्रेक्षकांनाही आवडेल. परंतु पाळी त्या बाहेर बसलेल्या मुलाची होती. कागदावरच्या त्या बारीक खुणेच्या मागे एक मूल बसलेले आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी न्यायाची व्याख्या करताना, ज्याचे त्याला देण्याची स्थिर आणि अखंड इच्छा म्हणजे न्याय, असा आशय मांडला आहे. गुणलेखकाच्या पेन्सिलीत हीच इच्छा असावी लागते. तो गुण 'देत' नाही; ज्याने मिळवला त्याच्या नावावर तो नोंदवतो.

यावर पहिला आक्षेप असा की, हा अखेर पोरखेळ आहे. मोठेपणी मुले आपोआप शहाणी होतील. आतापासून एवढा काटेकोरपणा कशाला? या आक्षेपाला संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या पहिल्या भागात ते बालपणीच्या खेळांविषयी लिहितात. श्रेष्ठ ठरण्याच्या हव्यासापायी आपण खेळात खोटे विजय मिळवत होतो आणि दुसऱ्या कोणी तीच लबाडी केली, तर मात्र संतापून त्याच्यावर तुटून पडत होतो, असे ते सांगतात. पुढे त्यांनी जे म्हटले आहे ते पालकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. अक्रोड, चेंडू आणि चिमण्या यांच्यापायी केलेली हीच पापे वय वाढल्यावर सोने, जमीनजुमला आणि सत्ता यांच्यापायी केली जातात. बदलतात त्या वस्तू, वृत्ती तीच राहते. मैदानात दोन गुण इकडचे तिकडे करायला शिकलेला हात उद्या सातबाराच्या उताऱ्यावर, सहकारी संस्थेच्या खतावणीवर किंवा मासळीच्या काट्यावर निराळा वागेल, असे समजण्यास आधार नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारी माणसांचा असतो. ते म्हणतात, हे नियम देवाने थोडेच दिले आहेत? चढाईला तीसच सेकंद का, चाळीस का नाहीत? माणसांनी ठरवलेल्या गोष्टीला एवढे पावित्र्य कशाला? नियम माणसांनी ठरवलेले आहेत हे खरेच आहे. आपल्या हुतुतूचेच पाहा. तो पूर्वी निरनिराळ्या तऱ्हांनी खेळला जात असे. संजीवनी प्रकारात बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई. गामिनी प्रकारात बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. अमर प्रकारात बाद झालेला गडी खेळतच राही, फक्त गुण मोजला जाई. महाराष्ट्रातील क्रीडाप्रेमींनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत हे सारे एका सूत्रात बसवण्याचा प्रयत्न केला आणि १९२३ साली बडोद्यास छापील नियमांनुसार स्पर्धा झाली. पुढे १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीला स्थान मिळाले. गावोगावचा प्रत्येक जण आपापल्या सोयीचा नियम धरून बसला असता, तर हे घडले नसते.

अर्थात तीस सेकंद या आकड्यात स्वतःचे असे काही पावित्र्य नाही. परंतु 'आपण सर्व जण तीस सेकंदच धरू' हे दोन्ही संघांनी एकमेकांना दिलेले वचन आहे आणि वचन पाळणे ही माणसाची लहर नव्हे. सामना सुरू होण्यापूर्वी नियम बदलता येतो. सुरू झाल्यावर तो मोडला तर वचनभंग होतो. हांगझोऊ येथे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी झालेला आशियाई क्रीडास्पर्धेतील पुरुषांचा अंतिम सामना पुष्कळांना आठवत असेल. भारत आणि इराण २८-२८ अशा बरोबरीत होते आणि दोन मिनिटांहून कमी वेळ उरला होता. भारताचा चढाईपटू कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि बचाव करणारे खेळाडू त्याच्यामागे गेले. अशा वेळी कोणाला किती गुण द्यायचे, याविषयी जुना नियम एक सांगत होता आणि नवा दुसरे. निर्णय बदलत राहिला, दोन्ही बाजूंचे खेळाडू मैदानात बसून राहिले, आणि जवळजवळ तासभर सामना थांबला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. आपल्याला सुवर्णपदक मिळाले याचा आनंद आहेच. तथापि एवढ्या मोठ्या मैदानावर जगातील उत्तम पंचांनाही कोणता नियम लागू आहे याचा निवाडा ऐनवेळी करावा लागला, ही गोष्ट आपल्या छोट्या स्पर्धांनीही ध्यानात घ्यावी.

येथे चूक आणि असत्य यांतला फरक सांगितला पाहिजे. गुणलेखक माणूस आहे. त्याच्या हातून नोंद निसटू शकते. १८९९ साली इंग्लंडमधील क्लिफ्टन कॉलेजात ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाने शालेय सामन्यात नाबाद ६२८ धावा केल्या. हा उच्चांक शंभराहून अधिक वर्षे टिकला. त्या सामन्याचा गुणलेखक नंतर म्हणाला होता म्हणे की, आकडा ६२८ धरा, वीस इकडे किंवा तिकडे! या विनोदात एक प्रामाणिकपणा आहे. त्याने कोणाचे भले करण्यासाठी वीस धावा वाढवल्या नव्हत्या. त्याची नजर आणि पेन्सिल यांना जेवढे झेपले तेवढे त्याने लिहिले आणि त्याची मर्यादाही सांगून टाकली. नजरचूक लक्षात आली की सर्वांदेखत दुरुस्त करता येते. जाणूनबुजून बदललेला आकडा मात्र दुरुस्त होत नाही, कारण तो लिहिणाऱ्यालाच तो दुरुस्त करायचा नसतो.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे दयेकडे येऊ. लेवीयच्या पुस्तकात परमेश्वराने न्यायासनावर बसणाऱ्याला दिलेली एक आज्ञा पुष्कळांना चकित करते. बलवानाची भीड धरू नकोस, हे तर आपल्याला अपेक्षितच असते. परंतु त्याच्या जोडीला, न्याय करताना गरिबाचाही पक्षपात करू नकोस, असे सांगितले आहे. गरिबांचा कैवार घेणारा, विधवा आणि अनाथ यांचा सांभाळ करणारा देव असे का सांगतो? त्याच अध्यायात शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी राखून ठेवण्याची आज्ञा आहे आणि अखेरीस तराजू, वजने आणि मापे खरी ठेवण्याचीही आहे. तीनही आज्ञा एकत्र वाचल्या म्हणजे अर्थ उलगडतो. गरिबाला द्यायचे ते आपल्या शेतातले द्यावे. न्यायासनावर बसून दुसऱ्याचे काढून देऊ नये, आणि तराजूची दांडी कोणाच्याही बाजूने झुकवू नये.

आपल्या भाषेत यासाठी एक नेमकी म्हण आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दान करायचे, पण दुसऱ्याच्या मालमत्तेचे! गुणलेखक जेव्हा हरणाऱ्या संघाला दयेपोटी दोन गुण देतो, तेव्हा तो हेच करतो. ते दोन गुण आकाशातून पडत नाहीत. समोरच्या संघातील कोणा मुलाने छातीला माती लावून, घोटे सोलून घेऊन ते मिळवलेले असतात. त्याचे रडणे आपल्याला दिसत नाही, कारण तो जिंकत होता. म्हणून आपल्याला वाटते की आपण कोणाचे काही घेतले नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानातील अन्यायी कारभाऱ्याचा दाखला या दृष्टीने वाचून पाहावा. धन्याचे देणे लागणाऱ्यांना तो बोलावतो आणि शंभर मण तेलाचे पन्नास, शंभर मण गव्हाचे ऐंशी लिहायला सांगतो. देणेकऱ्यांना तो नक्कीच दयाळू वाटला असेल. पण त्याची दया धन्याच्या कोठारातली होती, आणि तीत पुढे आपल्याला आसरा मिळावा हा हिशेबही होता. प्रभू येशू त्याच्या चातुर्याकडे आपले लक्ष वेधतात. परंतु दाखल्यात त्याला अन्यायी म्हटले आहे, हे आपण विसरू नये. याच्या उलट मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा धनी पाहा. दिवसभर राबलेल्यांना त्याने ठरलेली मजुरी पूर्ण दिली आणि अखेरच्या तासाला आलेल्यांनाही तेवढीच दिली. ती अधिकची रक्कम कोठून आली? सकाळी आलेल्यांच्या मजुरीतून नव्हे. त्याच्या स्वतःच्या थैलीतून. त्याने हिशेब बिघडवला नाही, पदरमोड केली.

देवाच्या दयेविषयी लिहिताना संत थॉमस हेच उदाहरण रुपयाआण्यांच्या भाषेत देतात. एखाद्याचे शंभर दिनार देणे असताना कोणी त्याला दोनशे दिले, तर न्यायाचा भंग होत नाही. कारण वरचे शंभर देणाऱ्याने स्वतःचे दिलेले असतात. म्हणून दया न्यायाला मोडत नाही, त्याला पूर्णत्व देते. या विवेचनाचे सारे मर्म 'स्वतःचे' या एका शब्दात आहे. दया पदरची असावी.

ही कसोटी लावली म्हणजे मैदानावरचे अनेक प्रसंग स्पष्ट होतात. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्र आणि काठेवाड यांच्यात रणजी सामना चालला होता. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ धावांवर होते. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा जागतिक उच्चांक फक्त नऊ धावांवर होता. उपाहाराच्या वेळी काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडला. महाराष्ट्राच्या मनाला ही गोष्ट अजूनही लागून आहे. थोडा मोठेपणा दाखवणे काठेवाडच्या हाती होते. त्यांनी तो दाखवला नाही. परंतु गुणलेखकाने हळहळून त्या नऊ धावा लिहिल्या असत्या, तर? तर निंबाळकरांच्या खऱ्या ४४३ धावांवरही आज कोणी विश्वास ठेवला नसता. त्यांची खेळी अपुरी राहिली, पण ती खरी राहिली.

याच्या उलट बाजूचा प्रसंग कल्याणचा. ४ आणि ५ जानेवारी २०१६ रोजी एका आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद १००९ धावा केल्या आणि कॉलिन्सचा उच्चांक मागे टाकला. त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ धावांवर डाव सोडला. समोरच्या शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत संपले. त्या मुलाच्या चिकाटीचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. पण दोन दिवस चेंडूमागे धावणाऱ्या त्या दुसऱ्या मुलांचे काय, असेही पुष्कळांच्या मनात आले. येथे दया करायला जागा होती काय? होती. डाव केव्हा सोडायचा हे फलंदाजी करणाऱ्या संघाच्या कर्णधाराच्या हाती असते आणि नियमच त्याला तसा अधिकार देतो. गुणलेखकाच्या हाती मात्र प्रत्येक धाव लिहिण्याखेरीज काहीही नव्हते. त्याने १००९ लिहिले ते योग्यच केले.

पदरमोड कशी करावी हे गुंडाप्पा विश्वनाथ यांनी फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत दाखवले. इंग्लंडचा निम्मा संघ ५८ धावांत बाद झाला होता. बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिले. पण चेंडू बॅटला लागलाच नाही अशी खात्री वाटल्याने कर्णधार विश्वनाथ यांनी पंचांशी बोलून त्याला परत बोलावले. टेलर आणि इयन बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि इंग्लंडने तो सामना दहा गडी राखून जिंकला. विश्वनाथ यांनी दिले ते स्वतःच्या संघाच्या पदरचे होते, आणि त्याची पूर्ण किंमत त्यांनी मोजली. आपल्या कबड्डीच्या मैदानातही असे क्षण येतात. पंचांना न दिसलेला स्पर्श झालेला असतो आणि एखादा मुलगा हात वर करून स्वतःच मैदानाबाहेर जातो. त्या वेळी मोठ्यांनी 'मूर्ख आहेस काय' असे ओरडू नये. दहा प्रवचनांनी जे साधत नाही, ते त्या मुलाने त्या दहा पावलांत साधलेले असते.

गुणलेखकाचा संयम किती असावा, याचे एक टोकाचे उदाहरण बेसबॉलमध्ये आहे. शालेय स्पर्धांतून आपल्याकडे रुजलेला सॉफ्टबॉल हा त्याच खेळातून निघालेला. सामन्यापूर्वी प्रत्येक संघाने फलंदाजीचा क्रम लिहून द्यायचा असतो. एखादा खेळाडू पाळी नसताना फलंदाजीला आला, तर समोरच्या संघाने योग्य वेळी दाद मागायची असते. गुणलेखकापुढे यादी असते, चूक त्याला दिसते. तरीही ती पंचांच्या किंवा कोणत्याही संघाच्या नजरेस आणून देण्यास त्याला बेसबॉलच्या नियमांत स्पष्ट मनाई आहे. प्रथमदर्शनी हे विचित्र वाटते. परंतु लक्ष ठेवण्याचे काम संघांचे आहे आणि दोघांनाही ती संधी सारखीच आहे. गुणलेखकाने एकाच्या कानात सांगितले, तर सांगितलेले खरे असूनही तो त्या संघाचा दहावा खेळाडू होतो. खरे लिहिणे एवढेच त्याचे व्रत आहे. उपकार करणे हे त्याचे काम नाही.

मग नियमाला अपवाद कधीच नसतो काय? असतो. संत थॉमस यांनीच त्याचे विवेचन केले आहे. कोणी ठेव म्हणून दिलेली वस्तू मागताच परत करावी, हा नियम. परंतु तलवार ठेवायला देणारा मनुष्य वेड्याच्या भरात ती परत मागू लागला, तर न देणेच योग्य. कारण तेथे नियमाचे अक्षर पाळल्याने नियमाचा हेतूच बुडतो. मैदानातही असे होते. ऐन चढाईत वीज गेली, किंवा एखाद्या मुलाच्या डोक्याला मार लागला, तर घड्याळ थांबवावे, चढाई पुन्हा घ्यावी. पण अशा अपवादाच्या तीन खुणा असतात. तो दोन्ही कर्णधारांच्या देखत उघडपणे केला जातो. त्यात कोणाचे मिळवलेले काढून घेतले जात नाही. आणि तीच वेळ दुसऱ्या संघावर आली असती तरी आपण तेच केले असते. यांपैकी एकही खूण नसेल, तर त्याला अपवाद म्हणू नये.

हे सारे विवेचन धर्मगुरूने का करावे, असे कोणाला वाटेल. त्याचे कारण असे की, धर्मगुरूही एका अर्थाने नोंदी ठेवणारा आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्याने त्याच्यावर बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या अचूक लिहिण्याची आणि नीट जपण्याची जबाबदारी टाकली आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्माची तारीख आणि स्थळ लिहावेच लागते. काही वर्षांपूर्वी एक पालक माझ्याकडे आले. मुलगा चांगला खेळत होता, परंतु किशोर गटाच्या वयोमर्यादेबाहेर जात होता. "फादर, आठ महिन्यांचाच प्रश्न आहे," ते म्हणाले. "तुमच्या दाखल्यावर तारीख तेवढी पुढची लिहा. पोरगा जिल्ह्याला खेळेल, उद्या नोकरीला लागेल. गरिबाचं भलं होईल." ते गृहस्थ खरोखरच गरीब होते. होडीवर दुसऱ्याच्या मजुरीने जाणारे, पावसाळ्यात उसनवारीवर घर चालवणारे. खेळाडूंना मिळणाऱ्या नोकरीचा त्यांना आधार वाटत होता, आणि त्यात काही गैर नव्हते.

मी त्यांना म्हणालो, "दादा, संघात बारा जणांनाच घेतात. तुमचा मुलगा आत गेला की कोणी तरी तेरावा होणार. तोही कोणाचा तरी मुलगा आहे. त्याचा बाप माझ्यापुढे बसलेला नाही, एवढाच फरक." ते बराच वेळ गप्प राहिले आणि उठून गेले. त्यांना माझे म्हणणे पटले की नाही, मला माहीत नाही. ते नाराज होऊन गेले एवढे मात्र दिसले. आकडा खरा ठेवण्याची किंमत कधी कधी अशी द्यावी लागते. मी त्यांची अडचण दूर करू शकलो नाही. परंतु नंतर त्या मुलाच्या शिक्षणासाठी धर्मग्रामातील काही कुटुंबांनी जे केले, ते त्यांच्या स्वतःच्या कमाईतून केले. त्यात कोणा अनोळखी मुलाची जागा गेली नाही.

असाच एक लहान प्रसंग आमच्या सणाच्या सामन्यांतला. पंचावन्न किलोंची मर्यादा ठरलेली होती. एका मुलाचे वजन काट्यावर पंचावन्न किलो सहाशे ग्रॅम भरले. तो खाली मान घालून रडू लागला. कार्यकर्त्यांनी माझ्याकडे पाहिले. पण त्याच सकाळी दुसऱ्या एका मुलाला सातशे ग्रॅमसाठी परत पाठवलेले होते आणि तो निमूटपणे गेला होता. त्याला रडता आले नाही, म्हणून त्याचा हक्क कमी होत नव्हता. काटा होता तसाच राहिला. मी त्या रडणाऱ्या मुलाच्या शेजारी बसून पुढचे दोन सामने पाहिले. तेवढाच वेळ माझ्याजवळ देण्यासारखा होता.

यावरून आपल्या धर्मग्रामांनी काय करावे? फार मोठे काही नको. सामन्यापूर्वी दोन्ही संघांना एकत्र बसवून नियम मोठ्याने वाचून दाखवावेत. कोणते नियम धरायचे हे आधीच ठरवावे. गुणलेखक म्हणून शक्यतो असा मनुष्य घ्यावा, ज्याचे मूल त्या सामन्यात खेळत नाही. मध्यंतरात आणि अखेरीस गुण जाहीर करावेत आणि गुणपत्रकावर दोन्ही कर्णधारांच्या सह्या घ्याव्यात. शंका असेल तर कर्णधाराने विचारावी. आई-वडिलांनी, मामा-काकांनी टेबलाकडे धावू नये. आणि दया करायची असेल, तर सामन्यानंतर भरपूर करावी. हरलेल्या संघाला आपल्या घरी जेवायला बोलवावे. ज्याच्याकडे बूट नाहीत त्याला बूट घेऊन द्यावेत. चढाईला घाबरणाऱ्या मुलाला वर्षभर शिकवावे. हे सारे आपल्या पदरचे असेल आणि त्याला कोणाची हरकत नसेल.

हरलेल्या मुलाची समजूत घालताना एक गोष्ट लक्षात येते. आकडा खरा असेल, तर समजूत घालता येते. 'पाच गुणांनी हरलास, पुढच्या वर्षी पाच गुणांची तयारी कर,' असे म्हणता येते. आकडा खोटा असेल तर हरलेल्याचे सांत्वन करता येत नाही आणि जिंकलेल्याचे अभिनंदनही करता येत नाही. कारण कोण कोठे उभा आहे, हेच कोणाला ठाऊक नसते. पापनिवेदनाच्या संस्कारातही असेच आहे. आधी आपला हिशेब आहे तसा मांडावा लागतो, मगच क्षमेचे शब्द ऐकू येतात. आपले पाप थोडे कमी करून लिहिणारा देव आपल्याला नको असतो आणि तसा तो नाहीही. आपल्या ऋणाचा आकडा त्याने खोडून लहान केला नाही. ते सारे ऋण त्याने क्रुसावर, स्वतःच्या पदरचे देऊन, फेडले.